सतरा बोअरची गल्ली

नदीला फाटे फुटून ती समुद्राला मिळते त्या सपाट, चिखलट भागात बोअरमामांना ओळखत नाही असं घर नव्हतं. त्यांचं खरं नाव विचारलं तर बायकोलाही क्षणभर आठवावं लागायचं. पस्तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं, जमिनीत खोल भोक पाडून गोडं पाणी वर काढायचं. त्याआधी इथलं पाणी इतकं मचूळ होतं की साबणाला फेस यायचा नाही आणि बायका टँकरच्या मागे धावायच्या. मामांच्या मशीनला तीनशे फुटांवर गोडं पाणी लागलं आणि ती धावाधाव थांबली. तेव्हापासून मामा कुठल्याही दारात गेले की आधी खुर्ची पुढे यायची. त्यांना ते मनापासून आवडायचं.

त्यांची थोरली बहीण खालच्या गल्लीत एकटी राहायची. एका सकाळी तिचा फोन आला.

"अरे, तुझा पाइप वर आलाय. येऊन बघ."

"ताई, पाइप म्हणजे काय रोपटं आहे का वाढायला?"

"ते मला नको सांगूस. पंपाचा दांडा हाताला येत नाही. मी म्हातारपणी बुटकी झाले म्हणावं, तर बादलीही बुटकी झाली का?"

मामा हसत हसत गेले. परसात पाऊल टाकलं आणि हसू तोंडातच राहिलं. पंपाखालचा सिमेंटचा ओटा त्यांनी स्वतः जमिनीवर बसवला होता. आता तो पाइपाला धरून अधांतरी होता आणि त्याच्या खालून एक मांजर आरामात पलीकडे निघून गेलं. ताईने पाय ठेवायला दोन विटा मांडल्या होत्या.

"पावसाने माती वाहून गेली असेल," मामा म्हणाले, पण त्यांचं त्यांनाच पटेना. त्यांनी टेप लावली. चौदा इंच. मग शेजारच्या घरी लावली, मग त्याच्या पलीकडे. या गल्लीत त्यांच्या हातच्या सतरा बोअर होत्या आणि सतराही ठिकाणी ओटा वर. गल्लीच्या टोकाला बर्फाचा कारखाना होता. तिथला ओटा तर मामांच्या गुडघ्याला लागला.

त्याच आठवड्यात जमिनीची मोजणी करणारी एक तरुण बाई दुर्बीण आणि तिची तिपाई घेऊन गल्लीत आली. मामांनी तिला गाठलं.

"बाई, हे पाइप वर का येतायत?"

"पाइप जागेवरच आहेत, मामा. त्यांचं बूड खाली रेतीच्या कडक थरावर टेकलंय. वरची चिकणमाती दबतेय. खालून पाणी उपसलं की ती बसत जाते, आणि तिच्याबरोबर घरंही."

"पाणी परत सोडलं तर जमीन वर येईल?"

"नाही. बसली ती बसली." तिने वही उघडली. "या बोअर कोणी मारल्या, माहीत आहे?"

"मीच."

तिने वही मिटली. "तुम्हाला कोणी सांगितलं नसेल," ती म्हणाली. बिचारी दिलासा द्यायला बोलली, पण मामांच्या ते जिव्हारी लागलं.

घरी त्यांनी ताट बाजूला सारलं. बायको म्हणाली, "अहो, मग लोकांना मचूळच पाजायचं होतं का?"

"तसं नाही गं."

"मग कसं?"

मामा उठून हात धुवायला गेले.

मशीन आता त्यांचा जावई चालवायचा. नेमकी तेव्हाच कारखान्याने आणखी एक बोअर मागितली, पाचशे फुटांची. मामा म्हणाले, नको.

"आपण नाही मारली तर दुसरा मारेल," जावई म्हणाला. "पाणी तेवढंच निघणार."

"निघू दे. आपल्या हाताने नको."

"पस्तीस वर्षं आपल्याच हाताने निघालं ना, मामा?"

दुसऱ्या दिवशी जावयाने मशीन कारखान्यात नेली.

मामांनी गल्लीतल्या लोकांना गोळा करून सगळं सांगून पाहिलं. कुणी हसलं, कुणी चिडलं. कडेवर कळशी घेऊन उभ्या असलेल्या एका बाईने विचारलं, "बंद करा म्हणताय, मग आम्ही प्यायचं काय?" मामा घरी परतले.

आणि पुढच्या मोठ्या भरतीला, भर दुपारी, आभाळात ढगाचा ठिपका नसताना, गल्लीतली गटारं उलटी वाहू लागली. मामा धावत पोचले तेव्हा ताईच्या स्वयंपाकघरात घोटाभर खारं पाणी होतं. ती पलंगावर पाय वर घेऊन, पिठाचा डबा मांडीवर धरून बसली होती.

"तुला बोअर बंद करायच्यात ना?" ती म्हणाली. "माझ्यापासून सुरू कर. बहिणीची तेवढी ठेवली असं कुणी म्हणायला नको."

पाणी ओसरल्यावर मामांनी तिचा पंप उपटून काढला आणि भोकात वाळू-सिमेंट भरलं. पस्तीस वर्षांत बोअर बुजवायची ही पहिलीच वेळ. मग रोज सकाळी सायकलला कॅन लावून ते ताईला पाणी पोचवू लागले आणि दर सोमवारी अर्ज घेऊन पाणीखात्यात जाऊन बसू लागले. "बोअरमामा नळ मागायला आले," म्हणून कारकून हसायचे. मामाही हसायचे आणि अर्ज पुढे सरकवायचे.

दोन वर्षांनी गल्लीच्या तोंडाशी नळ आला. सतरापैकी सात बोअर बंद झाल्या. बाकीच्यांनी, नळाचा काय भरवसा, म्हणून ठेवल्या. कारखान्याच्या दोन्ही चालूच राहिल्या. जावई घरी येतो, जेवतो, नातवाचं कौतुक सांगतो. कामाचा विषय कोणी काढत नाही.

मोजणीवाली बाई पुन्हा येऊन गेली. गल्ली खचायचा वेग थोडा कमी झालाय म्हणाली.

"म्हणजे खचतेच आहे," मामा म्हणाले.

"हो."

पुढच्या पावसाळ्याआधी ताईने मामांच्या माडीवर यायचं कबूल केलं. सामान हातगाडीवर चढलं. मामा कुलूप लावायला गेले, तर चौकट इतकी तिरपी झालेली की दार अर्ध्यात अडलं. त्यांनी खांदा लावला, मग लाथ मारली, मग पुन्हा खांदा लावला.

"राहू दे रे," ताई म्हणाली. "आत आता चोरायला काय आहे?"

मामा तरी बराच वेळ दार ढकलत राहिले.