मडगार्ड कापलेली जीप

त्याला सगळे आरसेवाला म्हणत. धंदा भाड्याच्या जीपचा, आरशांशी काही संबंध नाही. पण पुढचा स्टीलचा बंपर तो इतका घासूनपुसून ठेवायचा की अड्ड्यावरचे बाकीचे ड्रायव्हर त्यात बघून भांग पाडायचे. गाडी जुनी होती, पण अंगावर ओरखडा नव्हता. कुणी नुसतं बॉनेटला टेकलं तरी याच्या कपाळाला आठी. बायको हसायची. "मला सवत आहे," ती शेजारणींना सांगायची, "डिझेल पिते आणि माझ्यापेक्षा जास्त वेळा आंघोळ करते."

तिचं माहेर नदीपलीकडे, खाणीच्या वस्तीत. पूल नव्हता. पात्रातल्या गोट्यांवरून वाट काढत जावं लागे. मधल्या मोठ्या धोंड्यांवर दरवेळी जीपचं पोट घासायचं आणि आरसेवाल्याचं काळीजही.

तिचा धाकटा भाऊ अड्ड्यामागच्या शेडमध्ये गाड्यांच्या पत्र्याचं काम करायचा. चेपलेलं दार ठोकून पूर्ववत करण्यात त्याचा हातखंडा. तो कितीदा म्हणाला, "दाजी, मोठे टायर घाला. गाडी चांगली चार बोटं वर येईल. बंपरचे कोपरे आणि मडगार्डची कड तेवढी कापावी लागेल, नाहीतर वळताना टायर घासेल."

"माझ्या गाडीला कुणी कापायची चकती लावायची नाही."

"मग एक दिवस बसेल पोटावर, कासवासारखी."

"बसली तर तुला बोलावतो ढकलायला."

यावर सगळे हसले होते. तीसुद्धा.

पुढे एकदा ती आईला भेटायला म्हणून वस्तीवर गेली आणि तिथे तिच्या पोटात दुखायला लागलं. आधी वाटलं, खाण्यात काहीतरी आलं असेल. दुसऱ्या दिवशी ताप चढला, पोट लाकडासारखं कडक झालं. निरोप मिळाला तसा आरसेवाला निघाला. जाताना जीप कशीबशी पार झाली. येताना मागे ती झोपलेली, डोकं आईच्या मांडीवर, आणि नेमकी मधल्या धोंड्यांवर गाडी बसली. पोट दगडावर टेकलं, चाकं नुसतीच गरगरत राहिली. त्याने पुढे घेतली, मागे घेतली, उतरून हातांनी गोटे उपसले. नखं फुटली. गाडी हलली नाही. शेवटी वस्तीतली माणसं खाट घेऊन धावत आली. तिला उचलून पलीकडे नेलं, तिथून कुणाच्या तरी टेम्पोतून दवाखान्यात.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. "आत आतडं फुटलंय. थोडं आधी आणलं असतं तर..." त्या म्हणाल्या. ऑपरेशनच्या टेबलावरच ती गेली.

मेहुण्याने भांडण केलं नाही. केलं असतं तर आरसेवाल्याला बरं वाटलं असतं. त्याने नुसतं तोंड शिवून घेतलं. रस्त्यात समोर आला तर दुकानाच्या पाट्या वाचत निघून जायचा. 'दाजी' हा शब्द त्याच्या तोंडातून गेला तो गेलाच.

बऱ्याच महिन्यांनी एका सकाळी जीप शेडसमोर येऊन उभी राहिली. मागे चार नवे टायर रचलेले, जुन्यांपेक्षा चांगलेच थोराड. बंपरवर धुळीचा थर होता. मेहुणा हातातली हातोडी खाली न ठेवताच बाहेर आला. त्याने टायर पाहिले, मग याच्याकडे पाहिलं.

"बैल गेला नि झोपा केला," तो म्हणाला.

"हो," आरसेवाला म्हणाला. "काप."

मेहुण्याने हातोडी खाली ठेवली. मग आत जाऊन जॅक घेऊन आला.

पुढे दोघांत बोलणं झालं ते फक्त कामापुरतं. टायर चढवले. मागचं एक चाक ओंडक्यावर घेतलं, म्हणजे गाडी तिरकी होऊन पुढचं चाक पार मडगार्डच्या आत दबलं. "पूर्ण डावीकडे फिरवा." फिरवलं. "आता उजवीकडे." टायर जिथे जिथे अडत होता तिथे मेहुण्याने खडूने खूण केली, खुणेच्या बाहेर दोन बोटं जागा सोडून कागदी टेप चिकटवली आणि आतल्या वायरी बांधून बाजूला घेतल्या.

ग्राइंडर सुरू झाला. ठिणग्या आरसेवाल्याच्या चपलांपर्यंत येत होत्या, तरी तो मागे सरला नाही. बंपरचा एक कोपरा फरशीवर पडला तेव्हा केवढातरी आवाज झाला. मेहुण्याने यंत्र बंद केलं, पण चष्मा काढला नाही. काचांच्या खालून पाणी गालावर आलं होतं.

"मीच एखाद्या दुपारी तुम्हाला न विचारता कापून टाकायला हवं होतं," तो म्हणाला. "तुम्ही मला मारलं असतंत. एवढंच झालं असतं."

"मारलं असतं," आरसेवाला म्हणाला. तो चाकाशेजारी खालीच बसला.

राहिलेलं काम मेहुण्याने जरा हलक्या हाताने केलं. कापलेली कड कानशीने घासून गुळगुळीत केली, गंज धरू नये म्हणून रंग मारला, वरून रबराची पट्टी बसवली. मग किल्ली पुढे केली. "चालवून बघा, दाजी."

त्यानंतर थोड्याच दिवसांत वस्तीवरून निरोप आला, सासूबाई पडल्या, पाय मोडला. आरसेवाला गेला. लेकीला नेलं त्या दिवसानंतर त्या या जीपमध्ये बसल्या नव्हत्या. दोघांतिघांनी त्यांना अलगद उचलून मागच्या सीटवर ठेवलं. पात्रात गाडी उतरली तशी त्यांनी पुढच्या सीटची दांडी घट्ट धरली.

मधले धोंडे आले. मोठी चाकं एकावर चढली, दुसऱ्यावरून उतरली. खाली काही घासलं नाही, इंजिनाचा आवाजही फारसा बदलला नाही.

"थांबा जरा," सासूबाई म्हणाल्या.

"इथं नाही, आई."

पलीकडच्या चढावर आल्यावर त्यांनी मागे वळून नदीकडे पाहिलं.

"एवढंच होतं?" त्यांनी विचारलं.

त्या बोलण्यात राग नव्हता. खरंच न कळल्यासारखं त्यांनी विचारलं होतं. आरसेवाल्याने गिअर बदलला.

सासूबाईंचा पाय सांधला. काठी टेकत त्या हिंडायला लागल्या. आता वस्तीत कुणाला काही झालं की आधी त्यालाच बोलावतात. बाळंतिणी, तापाची पोरं, खाणीत चेंगरलेले हात, सगळं त्याने त्या पात्रातून सुखरूप आणलं आहे. लोक हात जोडतात, म्हणतात, तुम्ही होतात म्हणून वाचलो. तो मान हलवतो आणि लगबगीने गाडी वळवतो. असं कुणी म्हटलं की त्या दिवशी तो जेवत नाही, हे फक्त मेहुण्याला माहीत आहे. तो मग शेड लवकर बंद करतो आणि त्याच्याकडे जाऊन नुसता बसतो.