शर्मिष्ठाबाईंची चक्कर

समता कॉलनीतल्या शर्मिष्ठाबाईंना अभिनय कुणी शिकवला नव्हता. रायपूरच्या मराठी मंडळाच्या गणपतीत दरवर्षी नाटक व्हायचं, आणि नाटकात कुणा बाईला मरायचं असलं की ती भूमिका ठरलेली त्यांचीच. काय मरायच्या! पुढच्या रांगेतल्या बायका पदर डोळ्यांना लावायच्या. एकदा तर पेटीवाला सूर विसरून त्यांच्याकडे बघत राहिला होता. एका नाटकात त्यांना हिमालयात प्राण सोडायचा होता. मागे रंगवलेला पडदा, वरून पिंजलेला कापूस पडतोय, आणि मांडवात भादव्याचा उकाडा. कापूस नाकात गेला तरी बाई शिंकल्या नाहीत. खरा बर्फ बघायची ओढ त्यांना तेव्हापासूनची.

एल्ब्रुसची टूम मात्र नवऱ्याची. शेखरराव सिंचन खात्यातून निवृत्त झाले, खुर्ची गेली, सलाम गेले, आणि काहीतरी मोठं करून दाखवायचं त्यांच्या मनानं घेतलं. रशियातला बर्फानं झाकलेला डोंगर, सोबत वाटाड्या.

"ज्वालामुखी हाय म्हणता तो?" बाईंनी विचारलं.

"थंडा होऊन गेला कवाचा. तुझ्या वरणासारखा."

उन्हाळाभर शर्मिष्ठाबाई पाठीवर तांदळाची पिशवी बांधून बिल्डिंगचे जिने चढल्या-उतरल्या. शेखरराव खाली खुर्ची टाकून बसायचे आणि सूचना द्यायचे. "श्वास नाकानं घे, नाकानं!" मंडळानं त्यांच्या नावाचा बॅनर आधीच छापून घेतला होता. 'शिखरवीर' असं मोठ्या अक्षरांत, खाली शेखररावांचा टाय घातलेला फोटो. कोपऱ्यात 'सौ.सह'.

डोंगराखालच्या लाकडी खोलीत अस्लान नावाच्या वाटाड्यानं हातवारे करून नियम समजावला. आपण तिघं, दोर एक. एक जण मागं फिरला की सगळे फिरणार. बर्फात कुणालाही एकटं सोडायचं नाही.

उजाडता उजाडता माथा समोर आला. पांढरा, गोल, ऊन लागून गुलाबी झालेला. शर्मिष्ठाबाईंचे पाय आपोआप पडत होते. बुटाचे काटे बर्फात रुतताना करकर वाजत होते आणि त्या तालावर त्या मनात जुनं नाट्यपद म्हणत होत्या. तेवढ्यात मागून दोर ताणला गेला.

शेखरराव खाली बसले होते. त्यांनी हातानं खुणावलं तशा बाई मागे आल्या, वाकल्या.

"शर्मी, मले नाही होत आता."

"मग सांगा ना त्याले."

"मी सांगू? तिथं बॅनर लावून राहिले लोक! तू सांग. चक्कर येऊन राहिली म्हण."

"काहून? मी तर मस्त आहो."

"तू बाई आहेस. तुले कोण हसणार हाय? पुढल्या वर्षी आणतो ना तुले. आईची शपथ. एवढं कर."

शेखरराव रडत होते. इतक्या वर्षांत बाईंनी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. त्यांनी एकदा माथ्याकडे पाहिलं. मग काठी हातातून सोडली, मान डावीकडे टाकली, गुडघे मोडले आणि बर्फावर कोसळल्या. श्वास तुटक केला, बुबुळं वर नेली. त्यांच्या आयुष्यातली ती सर्वांत चांगली भूमिका. समोर प्रेक्षक एकच, आणि त्यानं लगेच विश्वास ठेवला. अस्लाननं शिखराकडे पाठ केली.

उतरताना त्यानं बाईंना स्वतःजवळ आखूड दोरानं बांधलं. शेखरराव वाटेत दोनदा घसरले. दोन्ही वेळा त्यांचा झटका बाईंनीच कमरेवर झेलला.

शेखरराव दुष्ट नव्हते. भित्रे होते. पण भित्र्या माणसाला टाळ्या मिळाल्या की तो दुष्टाहून महाग पडतो. परतल्यावर शंकर नगरातल्या व्याह्यांना सांगताना शिखर तासभर लांब होतं. गोल बाजारात भांडेवाल्याला सांगताना ते दहा मिनिटांवर आलं. मंडळाच्या सत्काराच्या संध्याकाळी ते हाताच्या अंतरावर होतं.

"हात लांबवला असता तर लागलं असतं!" शेखरराव माईकवर म्हणाले. "पण मागं वळून पाहतो तर ही पडलेली. मी म्हटलं, शिखर गेलं उडत. बायको महत्त्वाची!"

टाळ्या. शाल, श्रीफळ. बाई व्यासपीठावरच्या खुर्चीत हसऱ्या चेहऱ्यानं बसून होत्या. त्यांना कशाचं काही नव्हतं. पुढलं वर्ष त्यांचं होतं. रोज सकाळी तांदळाची पिशवी अजून जिना चढत होती.

"आणि पुढल्या वर्षी," शेखररावांनी हात वर केला, "मंडळाचा ग्रुप मी घेऊन जाणार. शर्मिष्ठा घरी आराम करील. तिची तब्येत पहाडाची नाही."

अध्यक्ष तुळशीरामजींनी माईक बाईंपुढे धरला. "वहिनी, दोन शब्द बोला. थकवा असंल तर बसूनच."

शर्मिष्ठाबाई उठल्या. त्यांनी मान डावीकडे टाकली, गुडघे मोडले आणि तुळशीरामजींच्या पायाशी कोसळल्या. सभागृहात आरडाओरड झाली. कुणी पाणी आणायला धावलं. बाई लगेच उभ्या राहिल्या, साडी झटकली आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "असंच केलं होतं तिथं. मले काहीच झालं नव्हतं. यांनीच सांगितलं होतं पड म्हणून."



"बाई गं," पहिल्या रांगेतून विनोदिनीकाकू कळवळून म्हणाल्या, "ऑक्सिजन कमी पडला का डोक्यावर परिणाम होते म्हणतात."

"वहिनी, पहाड-बिहाड आता विसरून जा," तुळशीरामजी म्हणाले, आणि त्यांनी माईक बंद केला.

लेक स्नेहल धावत वर आली. बाईंनी तिच्याकडे आशेनं पाहिलं. तिनं कानाशी येऊन दबक्या आवाजात म्हटलं, "मम्मी, प्लीज़. सबके सामने पापा को ऐसे मत बोलो."

मग सगळ्यांनी मिळून त्यांना खाली आणलं. शेखररावांनी दंड धरला होता. "सांभाळून, शर्मी, सांभाळून," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणत होते. लोकांचे डोळे ओलावले. पायऱ्या उतरताना शेखररावांचे गुडघे लटपटत होते. ते बाईंखेरीज कुणाला कळलं नाही, कारण त्यांचा सगळा भार बाईंच्याच दंडावर होता.