ज्वारी एकीकडे, सरकी दुसरीकडे

माझा भाऊ रघुनाथदादा गेल्याचा निरोप घेऊन माहेरचा, सोनाळ्याचा गडी माझ्या सासरी डोणगावला आला, तेव्हा मी अंगणात कुरड्या राखत बसले होते. त्याला पाणी दिलं, जावेला हाक मारली आणि लुगडं बदलायला आत गेले... आता महिना होत आला.

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं, तेव्हा आमच्या वडिलांकडे घोडी आणि खेचरं होती. सातपुड्यात मोजणीवाल्यांची छावणी पडली की सामान आम्ही पोचवायचं. कोणत्या जनावरावर काय लादायचं, ते दादा आदल्या दिवशीच ठरवी. तंबू, रॉकेलचे डबे खेचरांवर. जनावरांचा दाणा चांदणी घोडीवर. चांदणी म्हणजे त्याचा जीव की प्राण. दोन्ही अंगांना भार सारखा हवा, नाहीतर चढावर खोगीर फिरतं, हे तो सारखं घोकायचा. पण घरचं धान्य पायलीच्या मापानेच मोजायचं, वजन करायचं नाही, हा बाबांचा हट्ट. त्या खेपेला घोडीच्या एका अंगाला ज्वारी आणि दुसऱ्या अंगाला सरकी, पायलीला पायली भरली. दादा म्हणाला, तराजू आणू. बाबा गड्यांसमोर कडाडले, "घरच्या दाण्याले तराजू? दुकान मांडून राह्यलो काय बे आपण?" दादाने पोती तशीच लादली.

सरकी ती सरकी, ज्वारीच्या वजनाला कुठली पुरणार! घाटात खोगीर ज्वारीकडे फिरलं, घोडी घसरली, पाठ सोलून निघाली. दादाने ज्वारीचं पोतं स्वतःच्या खांद्यावर छावणीपर्यंत नेलं आणि परत आल्यावर चारचौघांत सांगितलं, की घोडी बुजली. बापाची लाज राखायला गेला आणि मुकं जनावर गोत्यात आलं. बाबा म्हणाले, "बुजरी घोडी मले नको. येत्या बाजारात काढा तिले."

बाजाराचा दिवस जवळ आला. शेवटी एका दुपारी, गडी शेतात गेलेले पाहून, दादाने बाबांना बोलावलं आणि बैलांचं जू मधोमध बांधून निंबाच्या फांदीला टांगलं. एका टोकाला ज्वारीचं पोतं, दुसऱ्या टोकाला तितक्याच पायल्यांचं सरकीचं. ज्वारी धाडकन भुईला टेकली.

"बाबा, घोडी बुजली नव्हती."

बाबांनी दोन्ही पोती हाताने चाचपली. "मंग तवाच काऊन नाही सांगितलं?"

"गडी उभे होते."

 बाबा घरातून हळद आणि तेल आणून घोडीच्या पाठीला स्वतः लावत बसले. चांदणी आमच्याच दारात म्हातारी झाली.

दादाला मात्र भार तोलायची खोडच लागली. मी माहेराहून निघाले की माझ्या दोन्ही पिशव्या दोन हातांत तोलायचा, लोणच्याची बरणी इकडची तिकडे करायचा. मी म्हणायची, "दादा, मी काय खेचर आहो?" तो म्हणायचा, "हाव. चाल, उशीर होते."

तेरावं झाल्यावर वहिनीने मायेने पिशव्या भरून दिल्या. मेहकरला मोटार बदलताना उजव्या हाताला रग लागली. डावी पिशवी हलकी होती. लोणच्याची बरणी काढून तिकडे ठेवायला वाकले आणि दादाचं ते काम मला जमेना. तिथेच पिशव्यांवर बसून भर लोकांत मी दादासाठी रडले.