उन्हात ठेवलेले सेल आणि दादाची टेप

आमच्या घरी दादाच्या टेपचा विषय निघाला की प्रत्येकाला आपापला किस्सा आठवतो. दुसऱ्यांदा चहा होतो, काका तेच तेच परत सांगतात, आणि ज्यांना गाण्यातलं ओ की ठो कळत नाही तेही बोलून घेतात. अशी किश्श्यांची रास वाढत गेली आणि टेप मात्र डब्यात कुजत पडली. आमच्याकडची मोठी माणसं बोलतात फार, करत काही नाहीत. म्हणून आता मीच सांगते.

*

माझा दादा, शेखर, बास गिटार वाजवायचा आणि गायचा. त्याचा ड्रमर जोसेफ महूचा, लष्करी छावणीच्या गावचा. तिथल्या फौजी बंगल्यांतून जोसेफला परदेशी रेकॉर्ड मिळायच्या आणि त्या ऐकून ऐकून दोघांना फंकचं वेड लागलं. बास आणि ड्रम एकमेकांना धरून तीच चाल घोळवत राहतात आणि ऐकणाऱ्याचे पाय जागेवर राहत नाहीत, असलं ते संगीत.

आमच्या वडिलांचं, अप्पांचं, मत वेगळं होतं. "गाडी चिखलात रुतली की असाच आवाज येतो," ते म्हणायचे.

दादा म्हणाला, "रुतलेली नाही हो अप्पा. तिथल्या तिथे नाचतेय."

*

कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये त्यांचा कार्यक्रम ठरला. काकांकडे सेलवर चालणारा रीलचा टेपरेकॉर्डर होता. सियागंजच्या बाजारात नवे सेल मिळत होते, पण काकांनी जुनेच सेल गच्चीवर पापडांशेजारी वाळत घातले.

"दो दिन धूप दाखवली की सेल परत जवान होतात, भिया," ते दादाला म्हणाले.

शेवटच्या गाण्याआधी मशीन मंद पडल्याचं काकांच्या लक्षात आलं. काका ते तसंच चालू ठेवून सेल शोधायला बाहेर पळाले, आणि परत आले तेव्हा लोक खुर्च्या गोळा करत होते.

मला जाऊच दिलं नव्हतं. "मुलींचं काय काम तिथं?" हे अप्पा. ते स्वतः खजरान्याला गणपतीच्या दर्शनाला जातो म्हणून निघाले. "असल्या धिंगाण्यात मी पाय ठेवणार नाही," असं तेव्हा म्हणाले होते, आणि पुढे कोणी विचारलं की, "मी पाय ठेवला नाही," एवढंच सांगायचे.

*

त्याच उन्हाळ्यात दादा काविळीनं गेला.

आईनं टेप पापडाच्या डब्यात, डांबराच्या गोळ्या घालून ठेवली. काका अधूनमधून काढून वाजवायचे, ती तुटायची, आणि ते सेलोटेपनं चिकटवायचे. सेलोटेपचा गोंद पाझरून टेपचे पदर एकमेकांना चिकटले. मी ओरडले तर म्हणाले, "प्रेमानं चिकटवलंय गं."

*

एका वर्षी दादाच्या श्राद्धाला सगळे जमले होते आणि काकांनी टेप लावली. पहिलं गाणं बरं होतं. दुसरं जरा घाईत. मग पुढचं प्रत्येक गाणं आणखी पळायला लागलं.

"क्या जोश था लडके में," काका म्हणाले.

मी बी.एस्सी. झालेली. सांगितलं, "जोश नाही, काका. सेल उतरत होते म्हणून मशीन हळू फिरत होतं. हळू भरलेली टेप आता पूर्ण वेगानं वाजतेय, म्हणून पळतेय."

"म्हणजे चूक सेलची."

"सेलची नाही. तुमची."

काकांनी टेपचा आवाज वाढवला.

शेवटच्या गाण्याआधी दादा माईकवर काहीतरी बोलतो आणि लोक हसतात. पण तिथे टेप इतकी पळते की नुसती चिवचिव ऐकू येते. आत्याला हसू आलं. आई हसली नाही.

"चौथीत होता तेव्हा असाच आवाज होता त्याचा," ती म्हणाली. "पण मला मोठ्या शेखरचा आवाज ऐकायचाय. शेवटी काय म्हणाला तो?"

कोणीच सांगितलं नाही. काका सेल शोधत होते. जोसेफला विचारलं, तर म्हणाला, "कुछ बोला था उसने, पण मी ड्रम आवळत होतो."

*

मी जोसेफलाच घरी बोलावलं. त्यानं सेलोटेपचे तुकडे ब्लेडनं कापून काढले, स्पिरिटनं गोंद पुसला आणि नीट जोड दिले. मल्हारगंजातून एक एलिमिनेटर आणला. सेलऐवजी तो जोडला की मशीन विजेवर चालायचं, आणि त्याचं बटण फिरवून मोटर हवी तितकी हळू करता यायची. हळू करत करत सगळं दुसऱ्या मशीनवर उतरवायचं, असं ठरलं.

"पण कितना स्लो? कसं कळणार?" जोसेफ म्हणाला.

उत्तर आईनं दिलं. दादा बासची तार लावायचा ती तिच्या पेटीच्या एका पट्टीवर. प्रत्येक गाण्याआधी ती तार एकदा छेडून बघायची त्याची सवय होती, आणि ते टेपमध्ये होतं.

अप्पा दारात उभे होते. घरात हे संगीत लागलं की ते कायम दारातच उभे राहायचे, ना आत ना बाहेर.

"राहू दे ना," ते म्हणाले. "जशी आहे तशी राहू दे."

माझं डोकं फिरलं. "तुम्ही तेव्हाही गेला नाहीत, अप्पा. आता निदान आड तरी येऊ नका."

ते तिथून हलले नाहीत.

*

आईनं पेटीचा भाता हलवत ती एक पट्टी दाबून धरली. टेपवर दादानं तार छेडली, पातळ, उंच. जोसेफ बटण फिरवत गेला. तार खाली येत येत पेटीच्या सुरात मिसळली. आईनं मान हलवली.

आणि दादा बोलला. त्याच्या स्वतःच्या, घोगऱ्या आवाजात.

"अरे, अप्पा! मागे उभे का? इथं पुढं खुर्ची आहे. या ना, बसा."

लोक हसले. ड्रम सुरू झाले.

आईचा हात भात्यावर थांबला. काका भिंतीकडे बघत राहिले. जोसेफनं कोणालाही न विचारता टेप मागे घेतली आणि परत लावली.

"...इथं पुढं खुर्ची आहे. या ना, बसा."

अप्पा दारातून आत आले. पेटीशेजारची खुर्ची ओढली आणि बसले.