लक्ष्मणकाकांची ट्राम

कुठल्याही वाहनात बसण्याआधी लक्ष्मणकाका त्याच्या चाकावर पान्याने ठोकून आवाज ऐकत. माझ्या नव्या स्कूटरवरही त्यांनी ठोकलं. रबराचं चाक काय बोलणार, कपाळ! तरी "बरी हाये, चालव" असा निकाल देऊनच मागे बसले.

हुडको कॉलनीत ते आमचे शेजारी. सगळी नोकरी पोलादाच्या प्लांटात रेल्वे इंजिन चालवण्यात गेली. मागे वितळलेल्या लोखंडाचे मोठाले हंडे. "एक थेंब सांडू नाई देल्ला," हे दिवसातून दोनदा ऐकावं लागे. ते रिटायर झाले आणि हुडकोपासून पलीकडच्या बोरसी गावापर्यंत ट्राम सुरू झाली. डबा एकच, ड्रायव्हर काका. आम्ही पेढे वाटले. अहो, जरा थांबायला हवं होतं.

कारण काका माणसांनाही लोखंडाच्याच चालीनं नेत. लोक मधेच उतरून मेथीची जुडी घेत, भाव करत आणि पुन्हा त्याच डब्यात चढत. मी एकदा ओरडलो, "काका, तो म्हातारा पायी पुढे गेला!"

"जाऊ दे त्याले. सांडला तं त्याचा तो जिम्मेदार. तू माह्या डब्यात हायेस."

फक्त त्यांची बायको, शेवंताकाकू, कधी चढल्या नाहीत. बोरसीला बहिणीकडे त्या ऑटोनं जात, ट्रामला मागे टाकून, मान फिरवून. "जिंदगीभर यायनं शिफ्टा केल्या, मले कदी तलावापर्यंत नाई नेलं. आता कावून बसू?" काका ऑटो दिसला की घंटा वाजवत आणि मला म्हणत, "सारी दुनिया बसली. माही एकच सवारी बाकी हाये."

मग तपासणीला साहेब आले. म्हणाले, अर्ध्या तासात बोरसीला पोचलात तर ट्राम राहील, नाहीतर बंद. सगळ्या हुडकोनं काकांना हात जोडले. काका "हाव" म्हणाले, निघालेही जोरात. पण कुण्या शहाण्यानं साहेबांच्या हातात काठोकाठ भरलेला चहाचा कप दिला, आणि काकांना तो आरशात दिसला. झालं! सव्वा तास लागला. थेंब सांडला नाही. साहेबांनी गार चहा पिऊन काकांचं तोंडभर कौतुक केलं आणि ट्राम बंद करून टाकली.

शेवटच्या दिवशी दुपारी तीनला ट्रामची वीज तोडणार होते. दोनच्या फेरीला काकू आल्या, नवं पातळ नेसून, जेवणाचा डबा घेऊन. पुढच्या बाकावर बसल्या. मी काकांच्या कानात म्हटलं, "आज तरी पळवा, तीनच्या आत बोरसी दाखवा त्यांना!" छे! त्यांनी ट्राम अशी जपून नेली की रस्त्याकडेची शेळी चरत चरत पुढे गेली.

अर्ध्या वाटेत वीज गेली. आम्ही सगळे कुरकुरत उतरलो. काका हँडल सोडून खाली मान घालून उभे. "नाई पोचवू शकलो तुले," इतकंच म्हणाले.

काकूंनी डबा उघडला, बाजूची जागा पदरानं पुसली. "पोचाचं कोनाले होतं? बसा आता."