खुर्चीसकट मुकुटबन

गेल्या वर्षी एका लग्नात मला न विचारता चौघांनी खुर्चीसकट उचलून स्टेजवर नेलं. साडी घोट्याच्या वर गेली आणि व्हिडिओत नेमकं तेच आलं. कंबरेच्या ऑपरेशननंतर मी चाकांच्या खुर्चीवर आहे, पण म्हणून गोणी झालेले नाही. त्यामुळे भाची अनघानं, जिला आईवडील नाहीत आणि जिला मी वाढवलं, फोनवर सांगितलं, "मावशी, कन्यादान तूच करायचं, मुकुटबनला, नवरदेवाच्या गावी," तेव्हा मी एकच ठरवलं: जाईन, पण कोणी उचलणार नाही.

यवतमाळात गाडी शोधणं हा वेगळाच प्रवास. बसच्या पायऱ्या माझ्यासाठी नाहीत. टॅक्सीवाल्यांचं उत्तर एकच: "खुर्ची डिक्कीत टाकू, तुमाले दोघं मिळून सीटवर ठिवू." ठेवू म्हणे. मी प्रत्येकाला नम्रपणे फोन ठेवायला सांगितला.

शेवटी आमच्या गल्लीतल्या शकीलभाईंची उंच छताची जीप आठवली. लग्नसराईत ते मागची बाकं काढून नवरीचं रुखवत पोचवतात, फळी लावून फ्रिजसुद्धा चढवतात. त्यांना बोलावलं.

"बाई, हे सामानाची गाडी झाली न. तुमाले कसं नेऊ?"

"फ्रिज आडवा नेता का?"

"नाही, उभाच न्या लागते. आडवा केला का बिघडते."

"मीही बिघडते."

ते इतके हसले की भाडं ठरवताना घासाघीस करायचंच विसरले. तुम्हालाही खुर्चीवरून कुठं जायचं असेल, तर भाडं मात्र आधीच ठरवा. आणि खुर्चीवर बसून डोक्यापर्यंतची उंची मोजा, मग गाडीचं दार मोजा. खुर्चीला चार बाजूंनी पट्टे हवेत, तुम्हाला वेगळा. तोंड पुढच्या दिशेनं.

पहाटे निघालो. पांढरकवड्याला तर्री पोहे खाल्ले, गाडीतच, खिडकीतून प्लेट घेऊन. झरीकडे वळल्यावर सागाचं जंगल, मध्येच फुललेला पळस आणि खड्डे. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर पाठ ताठ ठेवायला लावायच्या, त्याचा राग यायचा. प्रत्येक खड्ड्यात त्यांचे आभार मानले.

मुकुटबनला मांडवापाशी जीप थांबताच नवरदेवाकडचे चार जण धावत आले. बाहेरून आवाज आला, "रुखवत आलं व! फ्रिज असन त आडवा नोका करू!"

दार उघडलं. आत मी, जांभळ्या पैठणीत.

"फ्रिज नाही," मी म्हटलं. "नवरीची मावशी."

एकाची जीभ दाताखाली गेली. दुसऱ्यानं मात्र सवयीनं खुर्चीचे हात धरले. "उचलतो न मावशी, फुलासारखं."

"हात खाली."

शकीलभाईंनी फळी लावली आणि त्यांना बजावलं, "फक्त मागून धरा. बाई सांगन तेव्हाच." मी चाकं फिरवत उतरले. स्टेजच्या पायऱ्यांवरही तीच फळी लागली. भटजी घड्याळ पाहत होते, पाहू दिलं. अनघाच्या हातावर पाणी सोडताना माझी साडी जिथल्या तिथे होती. तिनं कानात विचारलं, "कशी आलीस?"

"सरळ बसून."

घरी येऊन आठवडा झाला. कंबर दुखते, हे लपवणार नाही. काल शकीलभाईंचा फोन आला. दारव्ह्याच्या एका आजोबांना लेकीकडे जायचंय, तेही खुर्चीवर असतात. "बाई, पट्टे कसे बांधाचे ते एकडाव सांगा न."

पट्ट्यांचं नंतर सांगितलं. आधी म्हटलं, "दारात गेलात की पहिल्यांदा त्यांनाच विचारा."

"काय इचारू?"

"तुम्ही मला काय विचारलं होतं? कसं नेऊ. तेच."