रोह्याचा नवस, अश्दोदमार्गे

पेणहून रोह्याला गाडीनं तासाभरात जाता येतं. मला मात्र तिथं पोचायला अश्दोदवरून जावं लागलं.

तीस वर्षं मी पेणच्या शाळेत भूगोल शिकवला. निवृत्त झाल्यावर म्हटलं, नकाशावर छडी ठेवून दाखवलेले देश आता पायाखाली घालू. फ्रिजचं दार चुंबकांनी भरलं. नवरा म्हणायचा, "आता नवीन देश बघायचा तर नवीन फ्रिज घ्यावा लागेल." अशातच मैत्रिणींबरोबर आठ दिवसांची इस्राएलची सहल ठरली.

पाचव्या दिवशी माझ्या पोटानं पावाशी असहकार पुकारला. ऑलिव्ह, काकडी, पाव, परत काकडी. मोकळा दिवस होता. गाईड म्हणाला, अश्दोदला भारतीय किराणा मिळतो, तेल अवीवहून बसनं तासाभराचा रस्ता. तुमच्यापैकी कोणी कधी तिकडे जाणार असेल तर एक लक्षात ठेवा, शुक्रवारी दुपारनंतर बस बंद होतात ते शनिवार मावळेपर्यंत. सुदैवानं तो बुधवार होता.

दुकान सापडलं आणि आतून मराठी ऐकू आली, तीही चढ्या आवाजात.

"हे पोहे हायत? हातात घेतले की भुगा होतो. पेणचे पोहे कधी बघितलेस का रे तू?"

ऐंशी ओलांडलेली एक ठेंगणी बाई, डोक्याला रुमाल, हातात पोह्यांची पिशवी. दुकानदार निमूटपणे ऐकत होता. हे रोजचंच असावं. मी पुढे होऊन म्हटलं, "मावशी, मी पेणचीच आहे."

त्यांनी मला वरून खाली न्याहाळलं. "खोटं सांगू नको हां. पेणात कुठं?"

पुढचे तीन तास मी रिबकामावशींच्या घरी होते. भात, नारळाच्या दुधातली माशांची आमटी आणि वर सोलकढी. देशोदेशी फिरले, पण परक्या मुलखात इतकं तृप्त जेवण कधी जेवले नव्हते. मावशी रोह्याच्या बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंपैकी. एकोणिसाव्या वर्षी लग्न झालं नि नवऱ्याबरोबर बोटीनं इकडे आल्या. त्या निघाल्या तेव्हा त्यांच्या आईनं एलियाहू हन्नबीला, म्हणजे त्यांच्या लाडक्या पैगंबराला, नवस बोलला होता. पोरगी सुखरूप पोचली, तिचं घर वसलं, तर रोह्यात मलिदा करीन.

"मग केला?" मी विचारलं.

"नाय ना गो. माझं पत्र पोचलं तवर आई गेलेली. इथं मी शंभरदा मलिदा केला असंल. पण रोह्यात बोललेला नवस रोह्यातच फेडायचा. आता हे गुडघे मला विमानात चढू देत नायत."

हे सांगताना त्यांचा आवाज बदलला नाही, फक्त हातातला चमचा बशीत ठेवला गेला. मलिदा म्हणजे काय हे मी विचारलं आणि माझी मलाच लाज वाटली. भिजवलेले पोहे, साखर, ओलं खोबरं, वेलदोडा, पाच फळं आणि त्यावर प्रार्थना. पेणमधल्या त्यांच्या प्रार्थनामंदिरावरून मी तीस वर्षं शाळेत गेले, आणि मुलांना मृत समुद्राची खोली पाठ करायला लावली. समोरच्या दारात कधी डोकावले नाही.

"मी करीन," मी म्हणून गेले.

मावशींनी माझा हात धरला. "पोहे पेणचे हवेत. आणि प्रार्थनेला आमच्यातले दहा पुरुष. दहा नसले तरी मलिदा होतो, पण मग प्रार्थना अर्धीमुर्धी. आईला पुरी हवी होती." चुलतभावाच्या मुलाचा, सॅमसनचा, फोन नंबर त्यांनी तीनदा तपासून लिहून दिला.

परतल्यावर मी त्या नंबरावर फोन केला. सॅमसनकाका एस.टी.च्या डेपोतून निवृत्त झालेले, आवाज घाटातल्या हॉर्नसारखा. "करू की. पोह्यांचं काय नाय, दहा माणसं कुठनं आणू? सगळे तिकडं गेले." तरी महिनाभर खटपट करून त्यांनी एक रविवार ठरवला. पेणमधून दोघे, काकांना धरून रोह्यातले नि आसपासचे मिळून सहा, प्रार्थना म्हणायला ठाण्याचे मोझेसकाका. झाले नऊ. दहावा डॅनियल, जवळच्याच धाटावच्या कंपनीत ऑपरेटर. पहिली शिफ्ट करून तो तीनच्या आत येणार होता.

रविवारी सकाळी मी दिव्याहून येणारी गाडी पेणला पकडली. ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: या गाड्या दिवसातून मोजक्याच, तेव्हा वेळापत्रक बघूनच निघा. तिकिटाच्या पैशात वडापावसुद्धा धड येणार नाही आणि खिडकी हमखास मिळते. नागोठण्यानंतर डोंगर जवळ सरकतात. निडी हे स्टेशन इतकं शांत आहे की गाडी थांबली की शेतातल्या वालाच्या वेलात बोलणाऱ्या बायका ऐकू येतात. माझ्या मांडीवर तीन किलो पोहे होते आणि पिशवीत घरी कढवलेल्या तुपाची बाटली. नवसाच्या घरी रिकाम्या हातानं कसं जायचं?

स्टेशनहून सहा आसनी रिक्षानं गावात पोचले. सॅमसनकाकांच्या अंगणात खुर्च्या मांडलेल्या, मागच्या पडवीत मोठ्या पातेल्यात मटण शिजत होतं. त्यांच्या पत्नी एस्तेरकाकू कंबर कसून उभ्या. मला बघून म्हणाल्या, "आलीस गो? पोहे तूच भिजव. पेणवालीला काय शिकवायचं."

एवढा मान मिळाल्यावर मी फुगले नाही तरच नवल. किलोभर पोहे निवडून भिजवले, खोबरं कालवलं, साखर, वेलदोडा. इतक्यात डॅनियलचा फोन आला. त्याच्या जागी येणारा माणूसच आला नव्हता, प्लांट सोडता येत नव्हता. मोझेसकाकांची सव्वाचारची गाडी होती, त्यांना डॉक्टरांनी रात्रीचा प्रवास बंद केलेला. घड्याळ बघून ते म्हणाले, "अडीच वाजले. नऊवरच करू. जेवढी म्हणता येईल तेवढी म्हणतो."

मला आतून फार वाईट वाटलं. मावशींच्या आईचा नवस, इतकी वर्षं थांबलेला, आणि एका माणसावाचून अर्धा राहणार. निदान मलिद्यात तरी काही कमी पडू नये म्हणून मी पिशवीतून बाटली काढली आणि मनोभावे दोन पळ्या तूप सोडलं. आमच्याकडे तुपावाचून प्रसाद कसला?

वास पडवीपर्यंत गेला. एस्तेरकाकू आल्या, पातेल्यात डोकावल्या आणि पाटावर खाली बसल्या.

"तूप घातलंस गो?"

"व्हय," माझ्या तोंडून त्यांचीच बोली निघाली. "साजूक आहे, घरचं."

"अगो, पुढं मटणाचं जेवण हाय. आमच्यात मटणासंगती दूधतूप चालत नाय. म्हणून तर सगळं नारळावर."

मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. अश्दोदला आमटीत नारळाचं दूध, सोलकढीत नारळाचं दूध, सगळं चाटूनपुसून खाल्लं आणि का ते विचारलं नाही. काकू मात्र रागावल्या नाहीत. सॅमसनकाका दारातून डोकावले आणि हसत सुटले. "बरं झालं, तीन किलो आणलेत. करा परत."

परत म्हणजे सगळंच परत. तुपाचं पातेलं बाजूला ठेवून दुसरं काढलं. नारळ संपले होते, ते शेजारच्या घरातून मागून आणले. शेजारीण विळी घेऊन आली आणि खवायलाच बसली. विचारलं, "काय झालं?" काकूंनी सांगितलं. ती म्हणाली, "मग ते तुपाचं आमच्या आळीत द्या. आमाला चालतंय." तिघींनी मिळून पुन्हा पोहे भिजवले, निथळले, कालवले. बाहेर मोझेसकाका दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होते. मी मान वर करत नव्हते.

साडेतीनला ताट तयार झालं. पोह्यांची रास, भोवती केळी, चिकू, सफरचंद, संत्री, खजूर आणि वर गुलाब. मोझेसकाका उभे राहिले, त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. आणि दारात मोटरसायकल थांबली.

डॅनियल. कंपनीचा गणवेश, घामानं ओला, डोक्यावर हेल्मेट तसंच. "झालं काय?" तो धापा टाकत म्हणाला. "सव्वातीनला सोडलं मला. मला वाटलं, सगळं आटपलं असणार."

मोझेसकाकांनी बोट फिरवून माणसं मोजली. मग सॅमसनकाकांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

पुरी प्रार्थना झाली. हिब्रूतला एक शब्द मला कळला नाही, फक्त एलियाहूचं नाव आलं की सगळ्यांचे आवाज वर जायचे, तेवढं कळलं. मी मागे उभी राहून रडत होते आणि मला फार छान वाटत होतं. मोझेसकाकांना मटणाचा डबा देऊन डॅनियलनं मोटरसायकलवरून स्टेशनला पोचवलं. गाडी मिळाली.

संध्याकाळी घरी येऊन अश्दोदला फोन लावला. आधी कबुलीजबाब दिला. तूप, पातेलं, शेजारणीचे नारळ, सगळं. मावशी ऐकत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "दहा झाले?"

"झाले. डॅनियल उशिरा आला. पहिलाच मलिदा ठेवला असता तर नऊवरच झालं असतं."

मावशी हसल्या, आणि हसताहसता म्हणाल्या, "माझ्या आईनंच घालायला लावलं असंल गो तुला."

फ्रिजवर रोह्याचं चुंबक नाही, असलं काही तिथं मिळतही नाही. पण प्रवास कुठला केलास असं विचारलं, तर आता मी आधी रोह्याचं नाव घेते. तुम्हीही लांबच्या सहलीचे पैसे भरण्याआधी आपल्या गावातल्या कधीच न उघडलेल्या एखाद्या दारावर टकटक करून बघा.

मी पुढच्या आठवड्यात पेणच्या त्या प्रार्थनामंदिरात जाणार आहे, तीस वर्षं उशिरा. आधी विचारून घेतलंय काय न्यायचं. नारळ चालेल म्हणाले.